जुन्या बोर्ड गेममधली घरं, कपाटं वॉरगेमिंगला (छोट्या शिपायांनी टेबलावर लढाई मांडायचा खेळ) टेरेन, म्हणजे रणांगणावरचा देखावा, म्हणून चालतात का? रंगवली तर गेम वाया जातो का?

चालतात. आणि बिनधास्त रंगवा. "गेम वाया जातो" हे मी अकरा वर्षं एकाच माणसाच्या तोंडून ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मामा आखातात नोकरीला होता. एका सुट्टीत येताना त्याने हीरोक्वेस्ट हा बोर्ड गेम आणला, १९८९चा, मिल्टन ब्रॅडलीने गेम्स वर्कशॉपच्या सोबतीने काढलेला. शिरपूरला मामाच्या घरी उन्हाळ्यात आम्ही तो पाचेक वेळा खेळलो असू, नियम निम्मेच कळले. मग मामेभावाने खोका पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. पुढे त्याला कुठूनतरी कळलं की अशा जुन्या खोक्यांना किंमत येते. तेव्हापासून हातही लावू देईना.

मी तोवर धुळ्यात २८ मिमीच्या (माणसाची उंची साधारण तेवढी) शिपायांच्या नादी लागलो होतो आणि डोक्यात थाळनेरच्या किल्ल्याची लढाई होती. महिदपूरला इंग्रजांकडून हरल्यावर होळकरांनी तहात खानदेशातले किल्ले सोडले, पण थाळनेरच्या किल्लेदाराने दरवाजा उघडला नाही. २७ फेब्रुवारी १८१८ला इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज आली, दरवाजाच्या गोंधळात दोन इंग्रज अधिकारी पडले, त्यावर आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. आज तापीकाठी पडके बुरूज उभे आहेत. शिरपूरहून मोटारसायकलवर जाऊन मी दरवाजाची जागा पावलांनी मोजून आलो होतो.

तट, बुरूज थर्माकोलचे केले (त्यावर थेट स्प्रे मारायचा नाही हे तुम्हाला माहीत असणारच). अडलं ते आतल्या कचेरीपाशी. टेबलं, कपाटं, हत्यारांची घोडी, पेट्या हे सगळं २८ मिमीच्या मापाचं कुठून आणायचं? आणि ते तर हीरोक्वेस्टच्या खोक्यात मामाच्या माळ्यावर पडलेलं. पंधरा नग. दिवाळीत गेलो आणि पिशवीत घालून घेऊन आलो.

त्या आवृत्तीतल्या कपाटांचा बराचसा भाग छापील पुठ्ठ्याचा असतो, प्लास्टिकमध्ये खोचलेला. टेबलावर लांबून बघितलं तरी पुठ्ठा पुठ्ठाच दिसतो. आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून त्यावर फळ्यांसारख्या चिकटवल्या. वरच्या कवट्या आणि उंदीर काढून टाकले, होळकरांच्या किल्लेदाराच्या कचेरीत कवट्या काय करायच्या आहेत? उंच टेबलावर कारकून कसा बसेल म्हणून एका टेबलाचे पाय करवतीने कापून डेस्क केलं. आई मागून म्हणाली, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी म्हटलं, कचेरी.

एक चूक सांगतो, कारण ती आपल्याकडेच होते. मे महिन्यात दुपारी गच्चीवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा, स्प्रे मारला. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. रंग पीसवर पोचायच्या आत हवेतच वाळला आणि सगळं पॉलिशपेपरसारखं खरबरीत झालं. पेट्यांवर ते खपून गेलं, कपाटं परत घासावी लागली. तेव्हापासून सकाळी सहाला मारतो, आधी भांड्याच्या साबणाने पीस धुऊन.

थाळनेर मांडलं, फोटो काढले, फोटो मामेभावापर्यंत गेले. फोनवर म्हणाला, "रंगवलेला पीस म्हणजे मेलेला पीस." बरं. पुढच्या पावसाळ्यात माळ्याला वाळवी लागली. बोर्ड, पत्ते, खोका, सगळ्याची माती. त्याच्याकडे प्लास्टिकची माणसं आणि राक्षस तेवढे उरले, आणि माझ्याकडचे पंधरा नग. आता सांगा, गेम कोणी घालवला? तो अजून मलाच म्हणतो.

तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. माप बघायला दाराशेजारी शिपाई उभा करा. डोक्यावर थोडी जागा उरली की पुरे, पायाखालच्या बेसमुळे शिपाई जरा उंच दिसतो ते धरून चाला. 'व्यापार' या खेळातली हिरवी घरं २८ला खेळण्यातली वाटतात, पण ६ मिमीला उत्तम गाव होतं. फक्त उतरती छपरं पॉलिशपेपरवर घासून सपाट करा, आपल्याकडची घरं धाब्याची. वाकलेलं प्लास्टिक गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात टाका. मऊ, रबरासारख्या प्लास्टिकवर काही स्प्रे महिनोन् महिने चिकट राहतात, तिथे ब्रशच बरा. हेरोस्केप या गेमच्या षटकोनी फरशा एकमेकींत अडकतात, त्यांच्या कडांना रंग लावू नका, नाहीतर बसणार नाहीत. बाकी रंगवलेल्या कपाटाने मूळ गेम खेळता येतोच, ते कपाटच राहतं.

हां, खोका सीलबंद असेल तर हात लावू नका, विकून टाका आणि त्या पैशात शिपाई घ्या. दुसऱ्याचा असेल तर विचारा. मी विचारलं नव्हतं. आणि टेबलाचे पाय कापले ते चुकलंच, ते काही परत येत नाहीत.

रंग मात्र परत काढता येतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर रात्रभर निव्वळ डेटॉलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. घासतानाही डेटॉलच वापरा, पाणी लागलं की रंगाचा चिकटा होतो. आधी एकाच पीसवर करून बघा. मामेभावालाही हे सांगितलंय. ये, पीस घेऊन जा, डेटॉलची बाटली माझ्यातर्फे. तीन वर्षं झाली. मागच्या दिवाळीत आला होता, थाळनेरपाशी बराच वेळ उभा राहिला, हत्यारांची घोडी हातात घेऊन बघितली आणि जागेवर ठेवून दिली.