नीटचा तिसरा ड्रॉप नको, पोरीला आधी बोलू द्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शिरोली एमआयडीसीत तुमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूवर पावडरीचा रंग भाजून बसवण्याचं युनिट, मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, दोनदा नीट देऊन नंबर लागला नाही, आणि आता ती म्हणते की एमएस्सी करून हाडाच्या इम्प्लांटवर, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम भागावर, लेझरने कॅल्शियम फॉस्फेटचा थर चढवण्याचं काम शिकायचंय. तुमचं म्हणणं, इम्प्लांट हे डॉक्टरचं काम, एवढीच आवड असेल तर अजून एक ड्रॉप घे.

तिचे 74 टक्के ठीक आहेत, मार्कांची मला काळजी नाही. मी अडले ते तुमच्या एका वाक्यापाशी, 'हल्ली ती घरात बोलत नाही, पण क्लास लावला की लागेल रुळावर.' अहो, जी पोर दोन वर्षं नापास झाल्याचं ओझं घेऊन कशीबशी उभी राहिली, स्वतःच एक विषय शोधून तुमच्यासमोर आली, तिला तुम्ही परत त्याच खोलीत त्याच पुस्तकांपुढे बसवताय. स्पष्टच सांगते, तिसरा ड्रॉप देऊ नका. आणि तिचं बोलणं बंद झालंय याकडे आधी बघा, करिअरचं नंतर.

आता डॉक्टरचं काम हा गैरसमज. सर्जन इम्प्लांट बसवतो, बनवत नाही. टायटॅनियमचा खुब्याचा सांधा सिमेंट न लावता बसवायचा असेल तर हाडाने तो धातू धरायला हवा, म्हणून त्यावर हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट चढवतात, म्हणजे आपल्या हाडात आणि दातात जे खनिज असतं त्याच जातीचं कॅल्शियम फॉस्फेट. पांढऱ्या पावडरची दाबून, भाजून वडी करतात, ती चेंबरमध्ये फिरत ठेवतात म्हणजे लेझर एकाच जागी खड्डा पाडत नाही, 248 नॅनोमीटरच्या लेझरचा एकेक पल्स पडला की वडीवरून उजेडाचा लोळ उठतो आणि समोरच्या तापवलेल्या टायटॅनियमवर थर बसत जातो. आत मुद्दाम पाण्याची वाफ सोडतात, नाहीतर उष्णतेत त्यातला हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, निघून जातो आणि भलतंच फॉस्फेट तयार होतं. आणि या सगळ्यात मुख्य डोकेदुखी कुठली? पोपडे! चढवण्याआधी धातू ब्लास्ट करून खरखरीत करायचा, स्वच्छ करायचा, मग थराला एपॉक्सीने तुकडा चिकटवून मशीनवर ओढून बघायचं की किती जोराला सुटतो. तुम्ही रंगाआधी डीग्रीझिंग (तेलकटपणा काढणं), फॉस्फेटिंगच्या (रंग धरावा म्हणून फॉस्फेटचा थर देणं) टाक्यांतून माल काढता, मग ब्लेडने चौकटी पाडून टेप ओढून बघता, ते वेगळं काय आहे? तुमच्या लेकीला डॉक्टरचं नाही, तुमच्याच कामाच्या जवळचं काम करायचंय हो, फक्त जॉब, म्हणजे थर चढवायची वस्तू, आकाशकंदिलाएवढा नसून बोटाएवढा आहे आणि तो माणसाच्या आत जाणार आहे.

तिलाही एक सांगायचंय. बाळा, लेझरच्या पद्धतीत थर एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचाही (मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतो आणि घट्ट बसतो, पण काम हळू, खर्चिक आणि लहान जागेपुरतं, म्हणून बाजारात आजही मुख्यतः प्लाझ्मा स्प्रेच, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून पावडर फवारणं, चालतो, 50 ते 200 मायक्रॉनचा जाड थर, त्यात पावडरचा काही भाग उष्णतेने बिघडतो तरीही. तेव्हा एका मशीनच्या प्रेमात पडू नकोस. एक्सआरडी, म्हणजे थरात कुठलं खनिज आहे हे दाखवणारी क्ष-किरण तपासणी, वाचता येणं, थर का सुटला हे शोधता येणं, ते शिक, ते कुठेही कामाला येतं.

परीक्षांचं थोडक्यात: एमएस्सीसाठी जॅम आणि सीयूईटी-पीजी, पुढे गेट किंवा नेट. लांब पाठवायचं नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर, म्हणजे पातळ थरांवर, बरीच वर्षं चांगलं काम चाललंय, घरापासून अर्ध्या तासावर, एकदा दोघं जाऊन विभागात भेटून या.

आणि पत्र तुम्ही लिहिलंत, तिने नाही. पुढचं तिच्या हातचं येऊ द्या, तुम्ही न वाचता. मला तिला एकच विचारायचंय, तुला लेझर जास्त ओढतो की हाड? लेझर असेल तर लेझरवर संशोधन करणाऱ्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रासारख्या जागा बघायच्या, हाड असेल तर तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था. एमएस्सीचा प्रोजेक्ट कुठला घ्यायचा ते त्यावर ठरेल.