वाचकांचे प्रश्न : शहराच्या वेशीवरचं इंग्रजी खेडं

प्रश्न (हिंडलगा) : मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये मोठ्या शहराला लागून असलेल्या एका लहान खेड्यात राहायला गेले आहेत. तिथल्या कारभाराला ‘पॅरिश कौन्सिल’ म्हणतात. ती आपली ग्रामपंचायतच का? भारतीय पासपोर्टवर तिथे मत देता येतं का?

उत्तर : ग्रामपंचायतीचीच जात, पण अधिकार कमी. 1894 च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. सदस्य किमान 5. मैदान, बाक, दफनभूमी, भाजीचे वाफे एवढा तिचा पसारा. कचरा, शाळा, रस्ते, बांधकाम परवाना हे सगळं वरच्या कौन्सिलकडे. आपल्याकडे घरपट्टी पंचायत गोळा करते. तिथे पॅरिश आपला आकडा ठरवून वर कळवते आणि तो कौन्सिल टॅक्सच्या बिलात वेगळ्या ओळीत येतो. कामासाठी पत्र अध्यक्षांना नको, क्लार्कला लिहावं. आपल्या पीडीओसारखा (पंचायत विकास अधिकारी) कागद हलवणारा तोच.

मत जरूर देता येतं. भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला स्थानिक आणि संसदेच्या, दोन्ही निवडणुकांत मतदान करता येतं. मतदानाच्या 12 कामकाजाच्या दिवसांआधी यादीत नाव लागायला हवं. अनेकांचं इथेच हुकतं. 2023 पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर मात्र कायम वास्तव्याचा परवाना हवा. दरवर्षी 1 मार्च ते 1 जून या काळात गावसभा होते. यादीत नाव असलेल्या कुणालाही तिथे बोलता येतं. सुनेलाही जायला सांगा. नव्या माणसाची गावाशी ओळख तिथेच लवकर होते.

प्रश्न (कंग्राळी) : आमच्या डोळ्यांदेखत अनगोळ, वडगाव बेळगावात मिसळून गेली. तिथली खेडी शहराच्या इतकी जवळ असून वेगळी कशी राहतात?

उत्तर : सगळी राहत नाहीत. जी राहिली, त्यांपैकी अनेकांना ‘ग्रीन बेल्ट’ने, म्हणजे शहराभोवती आखलेल्या मोकळ्या पट्ट्याने, वाचवलं. 1955 मध्ये सरकारने देशभरच्या कौन्सिलांना असे पट्टे आखायला सांगितलं. आज इंग्लंडची सुमारे साडेबारा टक्के जमीन त्यात आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, यॉर्कभोवती पट्टा आहे, लेस्टरभोवती नाही. म्हणून घर घेण्याआधी कौन्सिलचा नकाशा बघावाच. पट्ट्यात असलो म्हणजे निर्धास्त, असंही नाही. डिसेंबर 2024 पासून पट्ट्यातल्या काही जमिनी ‘ग्रे बेल्ट’ म्हणून वेगळ्या काढता येतात आणि तिथे घरांना परवानगी मिळणं सोपं झालं आहे.

शेजारच्या शेतात वसाहतीचा अर्ज आला, तर हरकतीला साधारण 21 दिवस मिळतात. हरकत परवाना देणाऱ्या कौन्सिलकडे, अर्ज क्रमांक घालून, लेखी द्यायची. पॅरिश फक्त मत कळवते, निकाल तिच्या हातात नसतो. लोक इथेच चुकतात: पॅरिशच्या बैठकीत तावातावाने बोलतात आणि लेखी काहीच देत नाहीत. दुसरी चूक कारणांची. ‘आमच्या घराची किंमत उतरेल’, ‘खिडकीतला देखावा जाईल’ ही कारणं विचारात घेत नाहीत. वाहतूक, पाण्याचा निचरा, पुराचा धोका, शेजारच्या घरावर पडणारी सावली ही घेतात. गल्लीत गाड्या वळायला जागा किती, पावसात पाणी नेमकं कुठे साचतं, हे फोटोसकट लिहावं. शंभर सह्यांच्या एकाच मजकुरापेक्षा असं एक पत्र जड पडतं.

आधीपासून तयारी करायची, तर 2011 च्या कायद्यानुसार गाव स्वतःचा आराखडा करू शकतं. गावात मतदान होऊन तो मंजूर झाला, की परवान्याचा निर्णय घेताना तो धरावाच लागतो. जिथे नव्या बांधकामावर विकास आकार लावतात, तिथे पॅरिशला त्यातले 15 टक्के मिळतात. असा आराखडा असेल तर 25. कष्ट फार, पण आमच्या मते गावाने करावी अशी पहिली गोष्ट हीच.

प्रश्न (येळ्ळूर) : तिथे भाजीसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो म्हणे. किती, आणि काय पिकतं?

उत्तर : त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. जुन्या मापाने पूर्ण तुकडा 10 रॉड, म्हणजे बरोबर अडीच गुंठे. नवख्याने अर्धाच घ्यावा. तण वाढलं की आधी नोटीस येते, मग तुकडा जातो. गावात सोयच नसेल, तर 1908 च्या कायद्याने 6 मतदारांनी मिळून पॅरिशला लेखी मागणी करावी. पॅरिशला तिचा विचार करावाच लागतो. पीक घरच्यासाठी, धंद्यासाठी नाही. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावा, थंडी त्याला मानवते. मेथी एप्रिलनंतर पेरावी. मे अर्ध्यावर येईपर्यंत गोठणाऱ्या दहिवराची भीती असते, म्हणून टोमॅटो, मिरचीची रोपं त्याआधी बाहेर काढू नयेत. भेंडी आणि कारलं काचघराशिवाय धरत नाही.

प्रश्न (उचगाव) : उभ्या पिकातून लोक फिरायला जातात, शेतकरी अडवत नाही?

उत्तर : नोंदलेली पायवाट असेल तर अडवता येत नाही. पिवळा बाण दिसला की पायी जाता येतं; निळा असेल तर घोडा आणि सायकलही. शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरली, तर पेरणीची पहिली मशागत सुरू झाल्यापासून 14 दिवसांत ती किमान 1 मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी लागते. बांधाकडेची वाट नांगरायचीच नाही. चालणाऱ्याने वाट सोडू नये, कुत्रा दोरीला ठेवावा, आणि फाटक जसं सापडलं तसंच ठेवावं. उघडं दिसलं म्हणून लावून घेतलं, तर पलीकडच्या जनावरांचं पाणी तुटतं.