टेक्सासातलं रानडुक्कर: परवाना, पहिला तास आणि मटण

ऑस्टिनजवळच्या रँचवर सहकाऱ्याने डुकराच्या शिकारीला बोलावलंय, तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, आणि तुम्हाला चार गोष्टी हव्यात: परवाना लागतो का, ते मांस खाण्याजोगं असतं का, कापायचं कसं आणि घरी करायचं कसं. मी चौदा वर्षं इथे डुकरं मारतोय, सोलतोय आणि शिजवतोय, म्हणून सविस्तर लिहितो. परवान्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचा सहकारी तुम्हाला नेमकं तिथेच चुकीचं सांगेल.

तो म्हणेल, "डुकराला परवाना लागत नाही." त्याच्यापुरतं ते खरं आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुकरासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. बंदीचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. दुसऱ्याची बंदूक तासाभरासाठी हातात घेतली तरी ती त्यात येते. या बंदीला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेत रीतसर काढलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. म्हणजे राज्याला नको असला तरी तुम्हाला तो हवाच. टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर रहिवाशाच्या दरात मिळतो, आणि कधीही काढला तरी साधारणपणे ३१ ऑगस्टला संपतो. ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. जाण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल करून विचारून घ्या. या चुकीची किंमत ग्रीनकार्डात मोजावी लागते. शिकारीचं सुरक्षा शिक्षण राज्याचा पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभाग देतो, तेही करा. बंदूक पहिल्यांदाच हाताळणाऱ्या माणसाला मी त्याशिवाय रँचवर नेत नाही.

आणखी एक. दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात हॅवेलिना नावाचा प्राणी असतो. लांबून डुकरासारखाच दिसतो, पण तो इथला मूळ प्राणी आहे आणि त्याला परवाना, हंगाम, मर्यादा सगळं लागू आहे. अंगाने लहान, मानेभोवती फिकट पट्टा, शेपूट जवळपास नाहीच. खात्री नसेल तर बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

आता हे डुक्कर कोण ते सांगतो, कारण आपल्या डोक्यात गावाकडचं रानडुक्कर असतं. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. कापणीच्या आधी डुकरं एका रात्रीत भाताचं खाचर लोळवून जायची आणि सकाळी वडील बांधावर नुसते उभे राहायचे, ते मी पाहिलंय. पण ते डुक्कर तिथलंच आहे, त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावणं गुन्हा आहे. इथे शिकलेलं तिकडे सुट्टीत करून बघू नका. टेक्सासातलं डुक्कर या खंडाचंच नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं आणली, पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सुटली, आणि १९३०च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं सोडली गेली. या सगळ्यांचा संकर आज रानात आहे. राज्यात ती वीस लाखांहून जास्त असावीत असा अंदाज आहे. मादी वर्षाच्या आतच गाभण राहू शकते, सुमारे ११५ दिवसांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं. मका, भुईमूग, कुरणं नांगरल्यासारखी उकरतात, ओढ्याकाठी लोळून पाणी घाण करतात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खातात.

म्हणूनच एक गोष्ट मनापासून सांगतो. एका रात्री दोन डुकरं मारून कुणाचा रँच वाचत नाही. संख्या नुसती आहे तिथे रोखायची तरी दरवर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरं कमी व्हावी लागतात. ते बंदुकीने होत नाही, मोठ्या पिंजऱ्याने होतं. आंबवलेला मका टाकून, गोल कुंपणात अख्खा कळप हळूहळू सवयीचा करायचा आणि सगळी आत आली की दार पाडायचं. अर्धा कळप आत असताना घाई केली तर बाहेर राहिलेल्या माद्या पुन्हा त्या पिंजऱ्याजवळ फिरकत नाहीत. तुमच्या मित्राच्या रँचवर पिंजरा लावलेला असेल तर आधी मालकाला विचारा की गोळीबार चालेल का. माणसं महिनाभर मका टाकत असतात आणि पाहुणा एका गोळीत कळप उधळून लावतो. पकडलेलं पिल्लू कौतुकाने गाडीत घालून घरी आणू नका, जिवंत रानडुकराच्या वाहतुकीवर इथे कडक निर्बंध आहेत.

मग तुम्ही का जायचं? मांसासाठी. माझ्यापुरतं कारण तेवढंच आहे. इथे डुकरं मारून तशीच गिधाडांना टाकून जाणारे खूप आहेत. उपद्रवी प्राणी आहे, मारणं कायदेशीर आहे, सगळं मान्य. पण चाळीस पौंड चांगलं मटण मातीत पडलेलं मला बघवत नाही. खायचं नसेल तर पहिल्याच वेळी तुम्ही गोळी झाडू नये असं माझं मत आहे.

खायचं तर निवडायचं. साठ ते शंभर पौंडांची तरुण मादी सगळ्यात उत्तम. मोठा नर दिसायला रुबाबदार असतो, पण मांसाला उग्र दर्प असतो आणि खांद्यावर कूर्चेसारखी, म्हणजे मऊ हाडासारखी, जाड ढाल असते. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात. हरणाच्या सवयीने खांद्यामागे नेम धरला तर गोळी पोटात जाते. जनावर तडफडतं, दूर जातं, आणि फुटलेल्या आतड्याने मांस नासतं. आडवं उभं असताना खांद्यावरच, खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. नजर त्याची कमजोर, नाक मात्र भयंकर तेज, तेव्हा वारा तुमच्या तोंडावर हवा. रात्री जाणार असाल तर तिथल्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे कायदे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी फोन करून ठेवणं चांगलं.

गोळी लागली की घड्याळ सुरू झालं असं समजा. माझा पहिला डुक्कर ऑगस्टमधला होता, दोनशे पौंडांचा नर. रात्री अकराला पडला. आम्ही फोटो काढले, गप्पा मारल्या, पोट साफ करायला साडेबारा झाले, आणि तो तसाच सोलल्याशिवाय झाडाला टांगून सकाळपर्यंत ठेवला. सकाळी मांडीत सुरी घातली तर हाडाला लागून मांस हिरवट, आंबूस वासाचं. दोन्ही मांड्या गेल्या. जाड कातडं आणि चरबी आतली उष्णता धरून ठेवते, आणि टेक्सासात उन्हाळ्यात रात्रीही हवा थंड नसते. तेव्हापासून बर्फ गाडीत असल्याशिवाय मी निघत नाही. एका डुकराला मोठा कूलर आणि चाळीस पौंड बर्फ.

हात लावायच्या आधी नायट्राइलचे हातमोजे, शक्य तर दोन थर, आणि डोळ्यांना चष्मा. हे ऐच्छिक समजू नका. इथल्या काही डुकरांत ब्रुसेला हा जिवाणू असतो, तो रक्तातून आणि विशेषतः जननेंद्रियांच्या द्रवातून, हातावरच्या छोट्याशा जखमेतूनही शिरतो. फ्रीजरने तो मरत नाही, नीट शिजवल्याने मरतो. सोलताना खाणं, पाणी, तंबाखू काही नाही. पुढच्या एक-दोन महिन्यांत येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, सांधेदुखी सुरू झाली तर डॉक्टरला आपणहून सांगा, "मी रानडुक्कर सोललंय." एरवी तो फ्लू समजून परत पाठवेल. आतडी काढताना काळजावर गाठी, पू, सुजलेल्या ग्रंथी किंवा सुजलेले वृषण दिसले तर मोह धरू नका, ते जनावर खायचं नाही.

सोलणं. तुम्ही गावी बोकड सोललेला पाहिला असेल: एक चीर दिली की मूठ घालत घालत कातडं ओढून निघतं. डुकराचं तसं निघत नाही. चरबी कातड्याला चिकटलेली असते, बोटभर सोडवायचं, ताणून धरायचं, सुरी फिरवायची, पुन्हा ताणायचं. मागच्या पायांच्या शिरांत आकडे अडकवून टांगा. चीर नेहमी आतून बाहेर द्या, पातं वर करून. बाहेरून कापलं तर केसांतला वाळलेला चिखल पात्याची धार दोन मिनिटांत घालवतो आणि तुटलेले केस मांसाला चिकटतात. ते काढता काढता जीव जातो. मी बदलायच्या पात्यांची सुरी वापरतो, एका डुकराला तीन पाती लागतात. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडं बांधून घ्या, मूत्राशय फुटू देऊ नका. खांदे धडाला सांध्याने जोडलेले नसतात, सुरी बरगडीला लावून सरळ निघतात. मांडीचा खुब्याचा सांधा शोधावा लागतो. कण्याच्या दोन्ही बाजूंची लांब पट्टी, जिला इथे बॅकस्ट्रॅप म्हणतात, ती आणि आतली छोटी पट्टी हे सगळ्यात मऊ मांस. गोळीभोवतीचं काळं-निळं मांस चार बोटं सोडून टाकून द्या. ऐंशी पौंडांच्या मादीचं हाडं काढून मला साधारण पंचवीस-तीस पौंड मिळतं.

तुकडे कूलरमध्ये बर्फावर, वर पुन्हा बर्फ. खालचं बूच उघडं आणि कूलर किंचित कलता ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी वाहून जाईल. पाण्यात तरंगणारं मांस फिकट, बेचव होतं. असं दोन-तीन दिवस, रोज बर्फ घालत, मग साफ करून पॅकिंग. स्वतः जमणार नसेल तर हरणं कापून देणारी दुकानं आहेत, पण सगळी रानडुक्कर घेत नाहीत, आधी फोन करा. आणि हे मांस विकता येत नाही, मित्रांनाही नाही. विकायचं मांस म्हणजे जिवंत पकडून सरकारी तपासणीखाली कापलेलंच. वाटायला हरकत नाही.

शिजवणं आपल्याला सोपं जातं, कारण आपण मटण गुलाबी ठेवून खात नाही. आतलं तापमान १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७१ सेल्सिअस, पाहिजेच. भाजणार असाल तर थर्मामीटर घ्या. रानडुकरात चरबी कमी, म्हणून दुकानातल्या पोर्कसारखं केलं तर चिवट लागतं. खांद्याचे तुकडे मी आलं-लसूण, हळद, मीठ आणि थोडं व्हिनेगर लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी कांद्यावर परतून कुकरला सात-आठ शिट्ट्या, मग पंधरा मिनिटं मंद. त्यानंतर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मालवणी मसाला. मांड्यांचं गोव्याच्या पद्धतीचं विंदालू फार छान होतं, तो पदार्थ मुळात डुकराचाच. व्हिनेगरने उग्रपणा मोडतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चव येते. उरल्यासुरल्याचा खिमा. बॅकस्ट्रॅप मात्र मसाल्यात बुडवू नका, पातळ काप, मिरी-मीठ, तव्यावर तुपात.

रँचमालकाला एक डबा न्या. आमच्या मालकाच्या बायकोने पहिल्यांदा सुकं खाल्लं तेव्हापासून डुकरं दिसली की मालकच मला फोन करतो.

आणि घरी कुत्रा असेल तर त्याला यातलं कच्चं हाड, मांस, काही म्हणजे काही घालू नका. या डुकरांत स्यूडोरेबीज नावाचा विषाणू असतो. माणसाला त्याची सहसा भीती नसते, पण कुत्रा दोन-तीन दिवसांत जातो आणि त्यावर औषध नाही. हातमोजे आणि कापायची फळी धुऊन होईपर्यंत त्याला घरातच बांधून ठेवा.