सव्वा मिनिटाची चिरफाड

प्रश्न: ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेची सुरुवातीची टायटल्स इतक्यांदा पाहिलीत की पाठ झाली आहेत. माध्यमांच्या अभ्यासक्रमासाठी त्यांचं विश्लेषण लिहायला बसलो, पण ‘मग मुलगा बार्ट शाळेतून निघतो, मग बाप होमर कामावरून निघतो’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आवाज बंद करा आणि पाच रकान्यांचा तक्ता आखा: शॉटचा क्रमांक, सुरू होण्याची वेळ, लांबी, कॅमेऱ्याची हालचाल, आणि ‘कायम की बदलतं’. शेवटचा रकाना एकच भाग पाहून भरता येणार नाही. निदान सहा भाग घ्या. त्यांत १९९०चे दोन आणि फेब्रुवारी २००९ नंतरचे दोन असू द्या, कारण तेव्हा ही टायटल्स हाय डेफिनिशनमध्ये नव्याने बनवली गेली.

तक्ता भरत आला की रचना दिसू लागते. ढगांतून आणि शीर्षकाच्या अक्षरातून कॅमेरा स्प्रिंगफिल्ड या त्यांच्या गावावर उतरतो, आणि एकेकाची सुटका सुरू होते. बार्ट फळ्यावर शिक्षेची वाक्यं लिहितोय, घंटा होते. होमर अणुवीज केंद्रात चिमट्यात हिरवी चकाकती कांडी धरून उभा, भोंगा वाजतो. बार्टची बहीण लिसा, तिला तर सर वर्गाबाहेरच काढतात. जो तो कुठल्या ना कुठल्या शिस्तीतून निसटतो आणि सगळे एकाच गॅरेजपाशी एकमेकांच्या अंगावर येतात. होमरच्या कॉलरमध्ये अडकलेली कांडी बघा: एका शॉटमध्ये पेरलेली गंमत काही शॉटनंतर, तो ती गाडीतून फेकतो तेव्हा उगवते. ‘मग, मग’च्या जागी ‘म्हणून’ लिहिता येतं ते अशा ठिकाणी.

आता ‘कायम’ असलेल्या शॉट्सची बेरीज करा. पूर्ण आवृत्ती साधारण ७५ सेकंदांची. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १,८०० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी ९०० चित्रं. त्यांतली बहुतेक दर आठवड्याला नव्याने काढावी लागत नाहीत. मालिकेचा निर्माता मॅट ग्रेनिंग याने हे कारण उघड सांगितलं आहे: लांब टायटल्स म्हणजे प्रत्येक भागात तेवढं ॲनिमेशन कमी. पण तेच ते पाहून प्रेक्षक कंटाळणार, म्हणून भरपाई दिली ती दर भागात बदलणाऱ्या दोन गोष्टींची: फळ्यावरचं वाक्य, आणि शेवटी सगळं कुटुंब घरातल्या सोफ्यावर येतं तेव्हाची गंमत. फळ्यावरचं पहिलं वाक्य ‘मी खडू वाया घालवणार नाही’ असं होतं, आणि ते लिहिण्यातच खडू वाया चाललेला!

सोफा आणखी एक काम करतो. भाग वेळेत कमी पडला तर तिथे गंमत लांबवता येते. भाग लांबला तर ४५ किंवा २५ सेकंदांची आवृत्ती लावतात. म्हणून फक्त सोफ्यावर लिहिलेला निबंध, मग तो भित्तिचित्रकार बँक्सीच्या २०१०च्या गाजलेल्या सोफ्यावर का असेना, टायटल्सचं विश्लेषण ठरत नाही. बदलणारा कप्पा समजायचा तर आधी न बदलणारी पेटी मोजावी लागते.

प्रश्न: तान्ह्या मॅगीला दुकानाच्या गल्ल्यावर स्कॅन करतात तेव्हा पडद्यावर काय दिसतं? मित्र म्हणतो, अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या संघटनेची घोषणा.

उत्तर: मित्राला मालिकेनेच फसवलं आहे. १९९५च्या एका विशेष भागात हे ‘रहस्य’ थट्टेने सांगितलं होतं. जुन्या टायटल्समध्ये तिथे ८४७.६३ डॉलर हा आकडा आहे. अमेरिकेत तेव्हा तान्ह्या मुलाचा महिन्याचा खर्च तेवढा धरला जात असे. २००९च्या आवृत्तीत मॅगी स्कॅन होताच बिल २४३.२६ वरून दुप्पट, ४८६.५२ होतं. असल्या वादात फ्रेम थांबवून पाहावी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ एकेक फ्रेम पुढे नेते.

प्रश्न: हे संगीत आनंदी असूनही अस्वस्थ का वाटतं? आणि माझ्या डीव्हीडीवर ते थोडं चढं का ऐकू येतं?

उत्तर: संगीतकार डॅनी एल्फमनने १९८९ साली केलेल्या या धुनेत मध्यम तीव्र आणि निषाद कोमल आहे, बाकी सूर शुद्ध. (कर्नाटक संगीतातल्या वाचस्पती मेळाचे सूर हेच.) सुरुवात सा, ग, तीव्र म, ध, प अशी. पुढे ती तीव्र मध्यमावर तीनदा ठेचकाळते आणि मग पंचमावर येते. अस्वस्थता त्या तीन ठेचांत आहे.

चढ्या सुराचा दोष बहुधा ‘पाल’ (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डिस्कचा. तिथे २४ फ्रेमचं चित्र २५ने पळवतात: वेग सुमारे ४ टक्के जास्त, ७५ सेकंदांचे ७२ होतात, सूर अर्ध्या स्वरापेक्षा (सेमीटोनपेक्षा) थोडा कमी चढतो. प्लेअरचा वेग ०.९६ करा, पण सूर जागेवर ठेवणारी सोय आधी बंद करा, नाहीतर वेळ सुधारेल आणि सूर तसाच राहील. अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे एनटीएससी डिस्कवर अडचण निराळी: दर पाच फ्रेममधल्या दोन फ्रेम शेजारच्या दोन चित्रांच्या मिश्रणाच्या असतात, थांबवल्यावर कडांना फणीचे दात दिसतात. त्या चित्रं म्हणून मोजू नका.

जुने भाग रुंद पडद्यात कापलेले मिळाले तर बाजूला ठेवा. ४:३ (रुंदी:उंची) चं १६:९ करताना उंचीचा पाव भाग जातो. डिस्ने प्लसने २०१९ साली ते तसेच दाखवले, तेव्हा चित्रातले काही विनोद चौकटीबाहेर गेले होते; २०२०मध्ये मूळ चौकटीचा पर्याय आला. तो आधी निवडा.