कॅन्सरवर एकच औषध का नाही? आणि आणखी तीन प्रश्न

इतकी वर्षं संशोधन चाललंय, मग कॅन्सरवर औषध का सापडत नाही? की कंपन्या दडवून ठेवतात?
– कापूस उत्पादक, चोपडा

दडवून काय ठेवणार, भाऊ? एकच आजार असता तर एक औषध पुरलं असतं. कॅन्सरचे प्रकार शंभराहून जास्त, आणि प्रत्येकात पेशीचा बिघाड वेगळा. काहींवर औषध आहेच. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमागे दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल असते. तिच्यातून बनणारं प्रथिन रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये आली. ती रोज घेऊन माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात.

बहुतेक गाठींत मात्र बिघाड अनेक, शिवाय एकाच गाठीतल्या पेशीही सारख्या नसतात. बीटी कपाशीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. तिच्यातल्या विषाला न जुमानणाऱ्या गुलाबी अळ्या तगल्या, त्यांचीच पैदास वाढली आणि २०१७ साली बोंडं पोखरली गेली. केमोने विरलेली गाठ परत येते तेव्हा आत हेच घडलेलं असतं. म्हणून तर दोन-तीन औषधं एकत्र देतात.

आई अनेक वर्षं मिसरी लावते. गालात पांढरा चट्टा आलाय. डॉक्टर तुकडा काढायचं म्हणतात, पण बाया म्हणतात, 'काही व्हत नही, सुई लागली की मात्र पसरतं.'
– अमळनेर

तुकडा काढल्याने पसरत नाही. पसरतं ते वाट पाहण्यात. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण आहे की नाही हे तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. जागा बधिर करून काही मिनिटांत होतं. याच आठवड्यात न्या. आणि मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती आजच बंद.

परळला वडिलांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी 'ट्रायलमध्ये येता का' असं विचारलं. गरिबावर प्रयोग करतात का?
– भुसावळ

शंका घेतलीत ते बरं केलंत. मोठ्या चाचणीत नवं औषध नेहमीच्या उपचाराशी ताडून पाहतात. कोणाला काय मिळणार ते बहुधा चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरच्या मर्जीवर नाही. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. नको वाटलं तर मधूनच बाहेर पडता येतं, नेहमीचा उपचार बंद होत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईचा नियम आहे.

आपल्याकडे अशा चाचण्या हव्यातच, असं माझं ठाम मत आहे. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध पूर्ण मात्रेत सामान्य घराला झेपत नाही. परळच्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या, बऱ्या न होणाऱ्या टप्प्यातल्या कॅन्सरवर त्याची दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे शंभरात १६ होते, जोडीने ४३ झाले. निकाल २०२२ मध्ये आला. परदेशी कंपनी कमी मात्रेचा अभ्यास कशाला करील?

मुलगी अकरा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का?
– शहादा

हो, ताई. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात. पुण्यात बनलेली लसही २०२३ पासून मिळते. तुमचं वय तिशीपुढचं असेल तर एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी करून घ्या. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत ही तपासणी एकदाच केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.