नवी बोट, पहिलाच हंगाम आणि डीलरकडचे हेलपाटे
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : २२ फुटी नव्या फायबर बोटीचा ताबा येत्या आठवड्यात मिळणार आहे. उरलेले पैसे भरा, 'सर्व व्यवस्थित मिळाले' या कागदावर सही करा, बारीकसारीक काही निघालं तर नंतर बघू, असं डीलर म्हणतो. सही करावी का?

बोट पाण्यात उतरवून, निदान तासभर चालवून पाहिल्याशिवाय करू नका. ट्रेलरवर उभ्या बोटीत फार तर रंगावरचा ओरखडा दिसेल. गळती, कंप, तापणारं इंजिन, जड सुकाणू हे पाण्यातच कळतं.

निघण्यापूर्वी बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळाची पाणी साठणारी जागा, स्पंजने कोरडं करा आणि परतल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा बघा. प्रत्येक सीकॉक (बोटीच्या तळातून आरपार जाणाऱ्या नळीची तोटी) हाताने पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. बिल्ज पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) बोटाने उचला, पंप लगेच सुरू झाला पाहिजे. इंजिन मंद चालू असताना किल-स्विचची दोरी ओढा, ते तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. गिअर टाकलेला असताना स्टार्टर फिरता कामा नये. तो फिरला तर बोट नेऊच नका, अशा चुकीने माणूस पाण्यात फेकला जातो. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, रिव्हर्स टाकून बोट थांबवून बघा. पूर्ण थ्रॉटल मात्र पुस्तिकेतल्या रनिंग-इनच्या (नवं इंजिन जपून चालवण्याच्या काळाच्या) नियमात बसेल तेवढाच द्या.

मागच्या फळीवर, उजव्या हाताला वरच्या अंगाला कोरलेला हल (बोटीचं धड) क्रमांक स्वतः वाचा. आयएसओ १००८७ पद्धतीच्या क्रमांकातली शेवटची चार अक्षरं बोटीचं वय सांगतात. 'जी४२५' असेल तर जी म्हणजे वर्षाचा सातवा महिना, जुलै, ४ म्हणजे २०२४ आणि २५ म्हणजे २०२५ चं मॉडेल. बोट वर्षभर अंगणात पडून असेल तर इथे कळतं. तेवढ्याने ती वाईट ठरत नाही, पण बॅटरी, इंधन आणि पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर तपासायला सांगा. इंजिनाचा क्रमांक वेगळा टिपून घ्या. दोन्ही वॉरंट्या तुमच्याच नावावर आणि विक्रीच्याच तारखेने नोंदवल्याचा छापील पुरावा मागा.

सही करायचीच असेल तर तिच्या वर स्वतःच्या हाताने 'खालील कामे बाकी' असं लिहा आणि प्रत्येक कामापुढे तारीख घाला. दोघांच्या सह्या आणि एक प्रत तुमच्याकडे. शक्य असेल तर पैशांचा शेवटचा हप्ता ही कामं संपेपर्यंत राखून ठेवा, आणि हे ताबा घेण्याआधीच ठरवा.

प्रश्न : प्रत्येक फेरीनंतर बिल्जमध्ये पाणी दिसतं. दोनदा डीलरकडे नेली. 'धुतलेलं पाणी साठलं असेल' म्हणून परत पाठवली. गळती नेमकी कुठे हे कसं शोधायचं?

आधी हे पाणी गोडं की खारं ते ठरवा. बिल्जमध्ये तेल असतं, म्हणून चाखू नका. स्वच्छ काचेवर चार थेंब टाकून उन्हात वाळू द्या. पांढरी खपली उरली तर समुद्राचं पाणी, काहीच उरलं नाही तर पावसाचं, धुण्याचं किंवा टाकीचं. 'धुतलेलं पाणी' हा मुद्दा या एका काचेवर निकालात निघतो. बोट गोड्या पाण्यात चालत असेल तर ही खूण उपयोगाची नाही, पुढचे टप्पे करा.

बिल्ज पूर्ण कोरडं करा. तळाच्या आडव्या कप्प्यांत पाणी अडून राहतं आणि लहान भोकांतून दिवसभर पुढे सरकतं, त्यामुळे जुनं पाणी नवं वाटतं. म्हणून नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर करून बोट एक रात्र उभी ठेवा आणि पुन्हा पुसा. मग चार टप्पे, एका वेळी एकच. पहिला : बोट पाण्यात, इंजिन बंद, दोन तास. प्रत्येक आरपार फिटिंगखाली आणि नळीच्या प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची पट्टी ठेवा, ओल कुठून आली ते कागद दाखवतो. दुसरा : बोट बांधलेलीच, इंजिन चालू, अर्धा तास. तिसरा : वेगात वीस मिनिटं. चौथा : बोट बाहेर काढून डेकवर पाईपने पाणी. चौथ्यात लोक घाई करतात. पाणी खालून सुरू करायचं, एका भागावर दहा मिनिटं, मगच वर सरकायचं, आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन बसलेला हवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच सिद्ध होत नाही.

पहिल्या टप्प्यात पाणी आलं तर ड्रेन प्लगच्या चकतीमागचं सीलंट, खोली मोजणाऱ्या यंत्राचं फिटिंग किंवा नळी आवळणारा एखादा ढिला होज क्लिप. क्लिपची पट्टी स्टेनलेस असते, पण स्क्रू पुष्कळदा हलक्या पोलादाचा असतो. लोहचुंबक लावा. स्क्रूला घट्ट चिकटला तर तो क्लिप बदलून घ्या, आज ना उद्या तो गंजून तुटेल. दुसऱ्या टप्प्यात पाणी येत असेल आणि इंजिन आतलं असेल तर शाफ्टच्या ग्लँडकडे (पंख्याचा दांडा हलमधून बाहेर पडतो तिथला पाणी अडवणारा जोड) बघा. दोरीच्या पॅकिंगचा ग्लँड शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब सोडतो, ते बरोबर आहे. धार लागली तर ढिला आणि हाताला चटका बसला तर अती आवळलेला. फक्त वेगात पाणी येत असेल तर बिल्ज पंपाच्या नळीचं तोंड बघा. ते पाण्याच्या रेषेजवळ असेल आणि नळीला आत उंच वळसा दिलेला नसेल तर पंप थांबल्यावर त्याच नळीतून पाणी उलटं आत येतं. पंप बदलून हे जात नाही, वळसा द्यावा लागतो. चौथ्या टप्प्यात सापडलं तर बहुतेक वेळा हल आणि डेकच्या जोडातलं सीलंट कमी पडलेलं असतं किंवा रेलिंगच्या बोल्टखाली ते लावलेलंच नसतं.

डबा घेऊन पाणी मोजा. 'बोट गळते' या वाक्यावर डीलर काही करू शकत नाही. 'बोट बांधलेली असताना दोन तासांत ६०० मिलिलिटर' या वाक्यावर त्याला उत्तर द्यावं लागतं. आणि गळतीचा जागीच बंदोबस्त होईपर्यंत बोट पाण्यात एकटी सोडू नका. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर असलेली २५ मिलिमीटरची नळी निसटली तर मिनिटाला ४० लिटरपेक्षा जास्त पाणी आत येतं. लहान बिल्ज पंपाच्या वेष्टनावरचा आकडा तेवढा असला तरी तो शून्य उंचीला मोजलेला असतो, प्रत्यक्षात पंप त्याहून बराच कमी उपसतो.

प्रश्न : रेलिंगच्या खांबांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आल्या आहेत. डीलर म्हणतो, 'फक्त वरवरच्या आहेत, भरून देतो.' तेवढ्यावर समाधान मानावं का?

चिरा कशामुळे आल्या त्यावर ते ठरेल. जेलकोट हा फायबरवरचा सर्वांत बाहेरचा, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा, कडक थर आहे. खालचं फायबर वाकतं, त्याला वाकता येत नाही, म्हणून तो तडकतो. खांबाभोवती किरणांसारख्या पसरलेल्या चिरा म्हणजे बोल्टच्या भोकाची कड तासलेली नाही किंवा बोल्ट जास्त आवळला आहे. एकमेकींना समांतर रेघा असतील तर तो भागच वाकतो आहे. कोपऱ्यातला फुटलेला फुगा हा साच्यात अडकलेल्या हवेचा. तो भरून भागतं.

खांबाला हात देऊन झोका द्या आणि आतून बघा. बोल्टखाली नुसते वॉशर असतील तर चिरा भरूनही परत येतील. आतल्या बाजूला मरीन प्लायवुडची, ॲल्युमिनियमची किंवा फायबरची रुंद पट्टी बसवणं, भोकाची कड तासणं, नवं सीलंट आणि मग जेलकोट, असं पूर्ण काम लेखी मागा. डेकच्या आत बाल्सा लाकूड असेल तर भोकं मोठी करून इपॉक्सीने भरून पुन्हा पाडायला सांगा, नाहीतर लाकूड पाणी पिऊन कुजेल. नाण्याने टकटक करून बघा : टणक आवाज येत असताना एका जागी बद्द आवाज आला तर तिथे थर सुटले आहेत किंवा आत ओल आहे.

प्रत्येक चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक मार्करने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा आणि मोजपट्टी ठेवून फोटो काढा. वीस तास चालवल्यावर चीर खुणेच्या पुढे गेली असेल तर 'वरवरची' हा शब्द कुणी वापरू शकणार नाही. तळाला, मागच्या फळीच्या कोपऱ्यात किंवा आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या रेषेत चिरा असतील तर बोट चालवणं थांबवा.

प्रश्न : पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला ४६०० फेऱ्यांच्या वर जात नाही. पुस्तिकेत ५००० ते ६००० लिहिलंय. 'मोकळं होईल हळूहळू' असं उत्तर मिळालं.

रनिंग-इन संपलं असेल तर आता ते आपोआप मोकळं होणार नाही. थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का आणि तळ स्वच्छ आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर पंखा (प्रोपेलर) जड आहे, म्हणजे त्याचा पिच (एका फेऱ्यात तो पुढे सरकायचं अंतर) जास्त आहे. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. तुम्हाला साधारण ५ ते ६ इंच कमी पिचचा पंखा लागेल. नेहमीची माणसं आणि सामान घेऊन इंजिन मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात गेलं पाहिजे. बोटीला जुळणारा पंखा देणं हा जुळणीचाच भाग आहे, म्हणून डीलरकडून दोन-तीन पंखे लावून चाचणी मागा. टाळाटाळ सोसू नका. कमी फेऱ्यांत ओढत राहिलेलं इंजिन तापतं, कार्बन धरतं, आणि पुढे बिघडलं तर खापर तुमच्यावर फुटतं.

प्रश्न : बोट सहा आठवडे डीलरच्या अंगणात पडून आहे. 'कंपनीची मंजुरी आली नाही' एवढंच ऐकतोय. काय करावं?

त्याची अडचण कळली तर आपला कागद नेमका कुठे धरायचा ते कळेल. वॉरंटीच्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देते, ठरलेल्या कामाला ठरलेले तास. दोष शोधण्यात गेलेला वेळ पुष्कळदा धरलाच जात नाही. त्यामुळे मोघम तक्रारीची बोट मागे सरकते आणि नेमक्या तक्रारीची आधी हाती घेतली जाते. शिवाय वॉरंटी एक नसते. हल बांधणाऱ्याची एक, इंजिनाची दुसरी, पंप, प्लॉटर (नकाशा दाखवणारं यंत्र), ट्रेलर यांच्या आणखी वेगळ्या. तुमची तक्रार कोणाकडे गेली आहे, हाच पहिला प्रश्न विचारा. दावा क्रमांक आणि पाठवल्याची तारीख लेखी मागा. ती मिळत नसेल तर दावा अजून पाठवलेलाच नसण्याची शक्यता मोठी.

मग पत्र लिहा, डीलरला आणि त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक विभागाला. राग फोनवरही काढू नका, पत्रात तर नकोच. एकेक दोष असा लिहा : 'हल क्रमांक अमुक, इंजिनाचे तास १८. तक्रार ३ : उजवीकडच्या मागच्या खांबाखालून डेकचे पाणी आत येते. दहा मिनिटे पाईप धरल्यावर कप्प्यात ४०० मिलिलिटर. फोटो ७ ते ९. पहिली दुरुस्ती ३ एप्रिल, जॉबकार्ड सोबत, सीलंट लावले, गळती कायम.' जिवाला धोका असलेले दोष वर, चालण्यातले मध्ये, दिसण्यातले शेवटी. तीसकलमी यादीत ढिली कडी आणि इंधनाची गळती शेजारी बसली की दोन्ही सारख्याच वाटतात. शेवटी उत्तरासाठी एक तारीख द्या, दोन आठवडे पुरेत, आणि बोट अंगणात राहिली तितके दिवस वॉरंटी वाढवून मागा. ते मिळेलच असं नाही, पण मागणी नोंदलेली असावी.

एकाच दोषावर तिसऱ्यांदा दुरुस्ती फसली तर स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र मरीन सर्व्हेअर (बोटी तपासणारा तज्ज्ञ) बोलवा. त्याचा अहवाल कंपनीपुढे आणि पुढे ग्राहक न्यायालयातही डीलरच्या शब्दापेक्षा वजनदार ठरतो. कर्जाचे हप्ते मात्र रागाने थांबवू नका, त्याने तुमची बाजू कमकुवत होते.

प्रश्न : आठवडाभर उभी राहिली की बॅटरी मरते.

पूर्ण भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचे विश्रांतीतले व्होल्ट १२.६ ते १२.७, अर्धी उतरली की साधारण १२.२. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक. मग सगळं बंद करून ऋण टोकाची वायर काढा आणि मधे ॲम्पिअर-मीटर जोडा. मीटर मधे असताना स्टार्टर मारू नका, त्याचा फ्यूज उडेल. ०.०५ ॲम्पिअर दिसला तर दिवसाला फक्त १.२ ॲम्पिअर-तास, चिंता नको. पण अर्धा ॲम्पिअर म्हणजे आठवड्यात ८४ ॲम्पिअर-तास, बॅटरी गेलीच. एकेक फ्यूज काढा, ज्याने काटा पडेल तो गुन्हेगार. बहुधा स्टिरिओ किंवा अडकलेला फ्लोट स्विच निघतो. यावर 'बिल्ज पंपही मुख्य स्विचमागे टाकू' असा तोडगा सुचवला तर नकार द्या. तो पंप स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवरच हवा.

प्रश्न : डीलर लांब आहे. किरकोळ दुरुस्ती आणि पहिली सर्व्हिस जवळच्या मेकॅनिककडून केली तर चालेल का?

दोषाची दुरुस्ती डीलरने पाहण्याआधी नको, नुकसान थांबवण्यापुरतं मात्र जरूर करा : सीकॉक बंद करा, ताडपत्री टाका, फोटो काढा, काढलेला सुटा भाग पिशवीत जपून ठेवा. इंधनाचा वास येत असेल तर यातलंही काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये साठते. एकही स्विच न दाबता बोटीतून उतरा, हवा खेळू द्या आणि डीलरला तिथेच बोलवा.

सर्व्हिसचं उत्तर वॉरंटीच्या पुस्तिकेत असतं. अधिकृत केंद्राची अट असेल तर ती पाळा. पहिली सर्व्हिस अनेक आउटबोर्डना (मागच्या फळीवर बाहेर बसवलेल्या इंजिनांना) २० तासांवर असते, ती चुकवू नका. बाहेर करून घेतलीत तर तारीख, इंजिनाचे तास, तेलाचा दर्जा आणि फिल्टरचा क्रमांक असलेली पावती घ्या. गिअर ऑईल काढताना स्वतः उभे राहा. चुंबकी प्लगवर करडा, मऊ लेप असणं नव्या गिअरला साजेसंच आहे, टोचणाऱ्या कपच्या नाहीत. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलं आहे. तिथेच थांबा, नमुना बाटलीत भरा आणि डीलरला कळवा. तेल चांगलं असेल तर भरताना प्लगचे दोन्ही वॉशर नवे घालायला सांगा, जुन्या वॉशरमधून शिरणारं पाणीच पुढच्या सर्व्हिसला दुधाळ तेल होऊन बाहेर येतं.