पेपर आर्काइव्हवर टाकण्याआधी

प्रिय विद्यार्थ्यास,

सप्रेम नमस्कार. पेपर पूर्ण झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. आज रात्रीच तो आर्काइव्हवर, म्हणजे संशोधन पेपर सर्वांना मोफत वाचायला ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकायचा विचार दिसतोय, पण त्याआधी हे वाच. तिथे एकदा जाहीर झालेला पेपर पुसता येत नाही. नवी आवृत्ती चढवता येते, पेपर मागेही घेता येतो. मात्र मागे घेणं म्हणजे 'मागे घेतला' असं सांगणारी आणखी एक आवृत्ती. पहिली आवृत्ती तशीच राहते आणि कुणालाही उघडता येते.

लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात मांडणीच्या आज्ञा लिहून पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीत, लिहिलेल्या पेपरची नुसती पीडीएफ तिथे चालत नाही, मूळ स्रोत, म्हणजे त्या आज्ञांसकटच्या फाइली, द्यावा लागतो. बहुतेक जण अडकतात ते इथेच. लाटेकने तयार केलेली संदर्भसूचीची बीबीएल फाइल सोबत ठेव आणि तिचं नाव मुख्य टेक फाइलच्या, म्हणजे पेपरचा मजकूर असलेल्या फाइलच्या, नावाशी जुळव. नाहीतर मजकुरात उद्धरणांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. आकृत्यांच्या नावांत मोकळी जागा नको. लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत जुळायला हवीत. विंडोजला 'फिग१' मधलं पहिलं अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही, आर्काइव्हच्या संगणकांवरच्या लिनक्सला पडतो. थेट पीडीएफ बनवणारं पीडीएफलाटेक वापरत असशील तर आकृत्या पीडीएफ, पीएनजी किंवा जेपीजीमध्ये दे. ईपीएस या जुन्या प्रकारातल्या आकृत्या मिसळू नकोस.

आता सर्वांत महत्त्वाचं. तो स्रोत वाचकांनाही उतरवून घेता येतो. लाटेकमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढची ओळ पीडीएफमध्ये छापली जात नाही, स्रोतात मात्र राहते. अशा चिन्हापुढे 'हा आलेख पटत नाही, पुन्हा काढ' असं सहलेखकाने लिहिलेलं असेल, तर तेही जगाला दिसेल. त्यामुळे फाइल चढवण्यापूर्वी अशा सगळ्या ओळी काढून टाक. जुने मसुदे आणि न वापरलेल्या आकृत्याही फोल्डरमध्ये ठेवू नकोस. शीर्षकाखाली 'टुडे' ही आज्ञा असेल तर तिच्या जागी खरी तारीख टाक. पीडीएफ पुन्हा तयार झाली की ती आज्ञा त्या दिवसाची तारीख छापते.

सारांशाच्या चौकटीत 1920 वर्ण मावतात. तिथे लाटेकमधून जसंच्या तसं चिकटवलंस तर उद्धरणाच्या आज्ञा उघड्या दिसतात, आणि तू स्वतः बनवलेल्या आज्ञा तर चालतच नाहीत. वाक्यं साध्या मजकुरात पुन्हा लिहून काढ, त्याला दहा मिनिटं पुरतात. इतरांना पेपर कसा वापरता येईल हे ठरवणाऱ्या परवान्याचा पर्याय घाईत निवडू नकोस, कारण दिलेला परवाना परत घेता येत नाही. पेपर ज्या नियतकालिकाला पाठवणार आहात, त्याचे नियम आधी सहलेखकांसोबत वाच.

या विषयात पहिल्यांदाच सादर करत असशील तर अनुमोदन, म्हणजे तिथे आधी पेपर टाकलेल्या संशोधकाची संमती, लागू शकतं. त्यासाठी मिळणारा कोड तुझं काम ओळखणाऱ्या ज्येष्ठाला पाठव, अनोळखी प्राध्यापकांना सरसकट ईमेल करू नकोस.

वेळेचंही गणित आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी 2 ला त्या दिवसाची मुदत संपते आणि रात्री 8 ला नव्या पेपरांची यादी जाहीर होते. आपल्याकडे उन्हाळ्यात हे अनुक्रमे रात्री 11:30 आणि पहाटे 5:30. हिवाळ्यात दोन्ही एक तासाने पुढे. आपल्या शनिवारी आणि रविवारी सकाळी यादी येत नाही. पेपर जाहीर होईपर्यंत तो परत मसुद्यात घेऊन दुरुस्त करता येतो, पण रांगेतली जागा जाते. एखादं चिन्ह चुकलं असेल तर ती खुशाल जाऊ दे. आणि सादर करण्याआधी तिथेच तयार झालेली पीडीएफ पानोपान वाच, आपल्या संगणकावरची नव्हे.

जाहीर झाल्यानंतर चूक सापडली तर नवा पेपर म्हणून सादर करू नकोस, जुन्याचीच आवृत्ती बदल. क्रमांक तोच राहतो आणि त्यापुढे 'व्ही2' लागतं. टिप्पणीच्या जागी नेमकं काय बदललं ते लिही: 'समीकरण 14 मधलं चिन्ह सुधारलं, आकृती 3 नव्याने काढली, निष्कर्ष तेच.' नुसतं 'किरकोळ सुधारणा' लिहिलंस तर तुझ्या समीकरणावर पुढचं गणित बांधणाऱ्याला काहीच कळणार नाही. निष्कर्षच कोसळत असेल तर पेपर मागे घे आणि कुठल्या पायरीवर चूक झाली ते तिथेच लिही. तेवढ्याने कुणाचेतरी काही महिने वाचतील.

एका-दोन अक्षरांच्या चुकांसाठी रोज नवी आवृत्ती नको. आठवडाभर त्या साठवून एकदम चढव. नियतकालिकात छापून आल्यावर त्याचा संदर्भ आणि डीओआय, म्हणजे छापील लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, वेगळ्या फॉर्ममध्ये भरता येतात, त्यासाठी नवी आवृत्ती लागत नाही. प्रकाशकाने मांडणी करून दिलेली पीडीएफ मात्र तिथे चढवू नकोस.

पेपर जाहीर झाला की आर्काइव्हकडून मिळालेला त्याचा पासवर्ड सहलेखकांना लगेच पाठव. तो मिळाला की त्यांनाही पेपर आपल्या खात्याला जोडता येतो.

तुझ्या पेपरची वाट पाहणारे,
तुझे मार्गदर्शक